२० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह: पाणी असेल तिथे पास, नसेल तिथे जरा जपून

कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाहीये, कारण २० लिटरचे सोलो म्हणजे ग्रिल-बिल नसलेले साधे मायक्रोवेव्ह आतून सगळे जवळपास सारखेच असतात, लहरी तयार करणारा एक मॅग्नेट्रॉन, एक वजनदार ट्रान्सफॉर्मर, एक पंखा, एक फिरणारी काचेची प्लेट, बास. खोक्यातून काढताना उजवी बाजू म्हणजे नॉबकडची बाजू एकदम जड लागते ती त्या ट्रान्सफॉर्मरमुळे, एकट्याने उचलायला जाऊ नका, तोल जातो. मी दोन नॉबवाला घेतलाय, वरचा पॉवरचा आणि खालचा टायमरचा, सहा हजारांच्या आसपास पडला. दुकानात ग्रिलवाला, कन्व्हेक्शनवाला असं बरंच काही गळ्यात मारायला बघतात, केक-बिस्किटं करणार असाल तर घ्या की, आमच्याकडे तसलं कोणी करत नाही.

मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईतल्या लोकांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. मायक्रोवेव्ह ही पाणी तापवायची मशीन आहे. ज्या पदार्थात पाणी आहे तो मस्त गरम होणार, ज्याला खरपूसपणा हवाय तो बिघडणार, आणि हे डोक्यात ठेवून घेतलात तर ५ पैकी ४ स्टार. "यात सगळं होतं मॅडम" हे ऐकून घेतलात तर दोन महिन्यांत त्याच्यावर विणलेला रुमाल आणि फुलदाणी येणार.

दुकानातला मुलगा म्हणाला की यात अन्न आतून बाहेर शिजतं. अजिबात नाही. आतल्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला २४५ कोटी वेळा पुढे-मागे होते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण, त्यामुळे क्षेत्र फिरलं की रेणू पण त्याच्यामागे वळायला बघतो, शेजारच्यांना धक्के देतो, आणि ते धक्के म्हणजेच उष्णता. पण या लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात आणि तेवढ्यात बऱ्याचशा शोषल्या जातात, पुढचा मधला गोळा बाहेरची उष्णता आत झिरपेल तसाच तापतो. म्हणून फ्रीजमधल्या खिचडीचा डोंगर तसाच ठेवला की कडा चटका लागेल अशा आणि पोटात गारेगार. खिचडी पसरवा, मध्ये खड्डा करा, अर्ध्यात एकदा हलवा, की झालं काम. अजून एक गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते की २.४५ गिगाहर्ट्झ हा पाण्याचा खास आकडा आहे, तेही खरं नाही. साध्या खोलीच्या तापमानाला पाणी सगळ्यात जोरात शोषतं ते याच्या बरंच वर, २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे चालवला असता तर सगळी ऊर्जा वरच्या पातळ थरातच संपली असती आणि खाली काही पोचलंच नसतं, त्यामुळे कमी शोषण हेच इथे फायद्याचं आहे.

आता पापड. घरी आणल्या आणल्या मी पहिलं काय केलं तर काचेची प्लेट आणि तिच्याखालची चाकांची रिंग दोन्ही काढून टाकलं, मधल्या फिरणाऱ्या खुंटीवर एक खोलगट काचेचा बोल उपडा घातला म्हणजे काहीच फिरणार नाही, आणि त्यावर एक मोठा उडदाचा पापड ठेवला. फुल पॉवरवर वीसेक सेकंद. बघत राहा हं दारातून, मजा असते, पापड सगळा एकदम फुलत नाही, आधी एका जागी पांढरा फोड येतो, मग तिथून थोड्या अंतरावर दुसरा, आणि मधला पट्टा तसाच पिवळट कच्चा, मिरीचे दाणे दिसतायत असा. बाहेर काढून पट्टी लावली तर दोन फोडांच्या मध्यांतलं अंतर साधारण सहा सेंटिमीटर. असं का, तर दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं हलवलं की दोरीत काही जागा जोरात हलतात आणि काही जागा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात, तसंच इथे लहर धातूच्या भिंतीवर आपटून परत येते आणि जाणारी-येणारी मिळून स्थिर नक्षी तयार होते. जोरात हलणाऱ्या दोन शेजारच्या जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. सहा दुणे बारा सेंटिमीटर, गुणिले २४५ कोटी, उत्तर येतं सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. प्रकाशाचा खरा वेग आहे २,९९,७९२. एका पापडात! माझा मुलगा दहावीला आहे, पुस्तकातला तो आकडा त्याने पाठ केलेला होता, तो पट्टी घेऊन स्वतः तीन-चार पापड भाजून बसला आणि मग आम्हाला जेवताना ते अर्धे कच्चे पापड खायला लागले. प्रामाणिकपणे सांगायचं तर दर वेळी सहाच येत नाही, आतली पेटी सगळ्या बाजूंनी बंद असल्याने नक्षी जरा गुंतागुंतीची असते, पाच ते सातच्या मध्ये काहीही येऊ शकतं. पण विद्युतचुंबकीय लहर घरच्या पट्टीने मोजता येते हे बघायला पापडाइतकं स्वस्त काही नाही.

आणि याचा रिव्ह्यूशी संबंध असा की प्लेट फिरते ती याच कारणासाठी, म्हणजे पदार्थ या गरम-थंड जागांमधून फिरत राहावा. त्यामुळे कप कधीही बरोब्बर मधोमध ठेवू नका, मध्यावरची गोष्ट फिरून फिरून तिथल्या तिथेच राहते. कडेला ठेवा. बऱ्याच जणांनी तक्रार लिहिलीय की प्लेट कधी उजवीकडे फिरते कधी डावीकडे, मशीन खराब आहे का म्हणून. नाहीये खराब. खाली एक छोटी सिंक्रोनस मोटर असते, चालू होताना वीजेचं चक्र कुठल्या टप्प्यात सापडेल त्या बाजूला ती सुटते, वेग मात्र मेन्सच्या ५० हर्ट्झला बांधलेला त्यामुळे तो बदलत नाही.

किरणांचं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, ती किरणं बाहेर येत असतील ना?" आणि त्यांच्या ग्रुपवर तसे मेसेज रोज येतातच. आई, म्हटलं, तुम्ही नाशिकला जाताना नारायणगावच्या पुढे त्या मोठ्या छत्र्या बघता ना, त्यांना भोकंच भोकं आहेत तरी त्या आकाशातल्या रेडिओ लहरी पकडतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत आणि त्या पत्र्याच्या नाहीत, स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत, जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. त्यांना ज्या लहरी पकडायच्यात त्या वीस सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटरपर्यंत लांब, तेवढ्या लांब लहरीला एक सेंटिमीटरचं भोक दिसतच नाही, तिच्या दृष्टीने ती सलग भिंत. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे एवढ्या अवाढव्य डिशवर वाऱ्याचं बल कमी येतं, सांगाडा हलका करता आला आणि खर्च वाचला. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमचं हे डोकं, आणि कुठे तर जुन्नर तालुक्यात, याचं मला भारी कौतुक आहे. आपल्या मायक्रोवेव्हच्या दाराच्या काचेत काळी ठिपक्यांची जाळी असते ती याच तत्त्वावर. भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, लहर बारा सेंटिमीटरची, ती अडकते. दिव्याचा प्रकाश म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटी लहर, ती सहज बाहेर येते म्हणून आपल्याला वाटी दिसते.

तरीही थोडं गळतं, शून्य नसतं. मर्यादा आहे ती यंत्रापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, आणि लांब गेलं की झपाट्याने कमी होतं, हातभर लांब उभं राहिलात तरी शंभरावा भाग. शिवाय "रेडिएशन" म्हटलं की लोक एक्स-रे समजतात. या लहरीच्या एका फोटॉनची (म्हणजे ऊर्जेच्या सर्वात छोट्या पुडक्याची) ऊर्जा घरातल्या ट्यूबलाइटच्या हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनपेक्षा दोन लाख पटींनी कमी आहे. रेणू तोडायची ताकदच नाही त्यात, तापवू शकते, बस. म्हणजे भाजायचा धोका खरा आहे, दार वाकलं असेल किंवा जाळी गंजून फाटली असेल तर वापरू नकाच, पण अन्नात किरणं साठून राहतात वगैरे निव्वळ गप्पा.

मोबाईल आत ठेवून रिंग वाजते का बघायची टेस्ट फिरतेय ना, ती काही कामाची नाही. मोबाईलला टॉवरकडून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असला तरी चालतो, दाराने हजारो पटींनी कमी केला तरी फोन वाजू शकतो, त्यातून गळती धोकादायक आहे असं काही सिद्ध होत नाही. (आणि करायचीच असेल तर प्लग काढून करा, घरातलं कोणीतरी टायमर फिरवतंच.) वायफायला मात्र खरोखर त्रास होतो, तोही २.४ गिगाहर्ट्झवर, राउटरची ताकद वॅटचा दहावा भाग आणि इकडे आठशे वॅट, त्यातली कणभर गळती पण पुरते. आमच्याकडे ह्यांचं मीटिंग चालू असताना आमटी गरम केली की समोरच्याचा आवाज तुटतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर घेतला की प्रश्न सुटतो.

एक सवय मात्र लावून घ्या, वेळ संपायच्या आधी दार खसकन उघडू नका, आधी टायमर शून्यावर आणा. सुरक्षेचा स्विच लहरी बंद करतो, काळजी नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीवाले कित्येक वर्षं काही चमत्कारिक सिग्नलांमागे डोकं खपवत होते आणि २०१५ साली कळलं की तो त्यांच्याच आवारातला मायक्रोवेव्ह, कोणीतरी मध्येच दार उघडायचं तेव्हा मॅग्नेट्रॉन विझता विझता एक फुसका सोडायचा. शास्त्रज्ञांना पण चहा गरम करायची घाई असते.

मॅग्नेट्रॉन ही खरी जादूची वस्तू आहे आणि रिव्ह्यूत कोणी तिच्याबद्दल बोलतच नाही. मध्ये तापलेली तार, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, साधारण ४००० व्होल्ट त्यांना बाहेर खेचतात, पण वर आणि खाली लोहचुंबक बसवलेले आहेत. चालत्या इलेक्ट्रॉनवर चुंबकीय बल नेहमी त्याच्या वेगाला काटकोनात लागतं, म्हणून तो सरळ न जाता वळत जातो, आणि सगळे मिळून कडेच्या तांब्याच्या पोकळ्यांसमोरून गोल फिरताना त्या पोकळ्यांमध्ये दोलनं सुरू करतात. हा पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन १९४० साली बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट या दोघांनी बनवला, रडारसाठी, युद्ध चालू होतं. मग १९४५ मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना वितळलं अशी गोष्ट सांगतात. १९४७ ला बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि जवळजवळ ३४० किलोचं होतं. आपलं २० लिटरवालं दहा-अकरा किलोचं, तरी मी वर जड म्हणून रडले.

वॅटचं घरी तपासता येतं, दुकानदाराला विचारायची गरज नाही. एक लिटर पाणी काचेच्या भांड्यात, तापमान बघा, फुल पॉवरवर बरोबर एक मिनिट, ढवळून परत बघा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा, आले वॅट. (एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४,१८६ ज्यूल, भागिले ६० सेकंद.) माझं दहा अंशांच्या जरासं आत वाढलं, म्हणजे सातशेच्या खाली, खोक्यावर लिहिलंय ८००. यावर भांडायला जाऊ नका, थोडी उष्णता भांड्यातच जाते आणि घरचं मोजणं तेवढं काटेकोर नसतं, पण पाचशे आले तर मात्र कंपनीला फोन लावा. आणि हे ८०० म्हणजे अन्नाला मिळणारे, भिंतीतून हा १२०० खेचतो, उरलेले मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मर तापण्यात जातात, म्हणून तर मागून गरम हवा येते. १२०० वॅट दोन मिनिटं म्हणजे ०.०४ युनिट, दहा रुपये युनिट धरलं तरी ४० पैसे. एक वाटी आमटीसाठी चांगलंय. पण आठ माणसांचा भात यात लावू नका, लहरी तेवढ्याच आणि पाणी दुप्पट की वेळ दुप्पट, गॅसवर कुकर कधीच होऊन जातो.

आता खाण्याचं, नवऱ्याच्या मते हेच आधी लिहायला हवं होतं. भात, वरण, आमटी, उसळ, पालेभाजी, कालची पातळ भाजी उत्तम. भातावर चमचाभर पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. मक्याचं कणीस सालासकट ठेवा, चार-पाच मिनिटांत त्याच्याच वाफेवर शिजतं. लसणाच्या पाकळ्या पंधरा सेकंद ठेवल्या की साल सुटून येते, हे एवढ्यासाठी पण घेतला तरी वसूल. दगडासारखा गूळ अर्ध्या मिनिटात मऊ. नापास: भजी, वडे, सामोसे. कारण पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या पुढे जात नाही, आणि आजूबाजूची हवा तर थंडच, आतली वाफ बाहेर येऊन आवरणातच मुरते, कुरकुरीत वडा स्पंज होतो. पोळी वीस सेकंदांपर्यंत मऊ, पुढे चामडं. ज्वारीची भाकरी तर विसराच. पुरणपोळीत गंमत म्हणजे पुरण तोंड भाजेल इतकं आणि वरची पोळी कोमट, त्यामुळे लहान मुलांना देताना फोडून फुंकून द्या. वांगं टोचे मारून ठेवलं तर शिजतं छान, पण धुराचा वासच नाही, मग त्याला भरीत कशाला म्हणायचं. फोडणीचं कोणी नाव पण काढू नये.

शेंगदाणे मात्र पास, आणि वर लिहिलेल्या पाण्याच्या नियमात हे बसत नाही असं वाटेल, तर बसतं. दाण्यात पाणी अगदी थोडं असतं, ते उडून गेलं की १०० वर धरून ठेवणारं काही राहत नाही, तापमान वर चढतं आणि दाणे भाजले जातात. पापड पण तसाच. मिनिटा-मिनिटाने हलवायचं आणि थोडे कमी भाजलेले असतानाच बाहेर काढायचे, बाहेर पण आतल्या उष्णतेने भाजत राहतात. दाण्याच्या कुटाला कढईपेक्षा हेच बरं, हात दुखत नाही.

पॉवरचा नॉब निम्म्यावर ठेवला म्हणजे लहरी निम्म्या होतात असं नाही, या साध्या मॉडेलमध्ये पूर्ण ताकद थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असंच असतं, कान दिलात तर घरघर वाढते-कमी होते ती ऐकू येते. डीफ्रॉस्टला हेच लागतं. बर्फातले रेणू जागेवर जखडलेले, त्यांना वळता येत नाही, म्हणून बर्फ फारसं शोषत नाही, पण एक कोपरा वितळला की ते पाणी धडाधड शोषायला लागतं, मग एकीकडे मटार शिजलेले आणि दुसरीकडे दगड. मधल्या बंद वेळात उष्णता पसरते. या मॉडेलचा टायमर मात्र बेकार, एक मिनिटाच्या आत नीट लागतच नाही, दोनच्या पुढे फिरवून मागे आणावा लागतो, वर दिलेली सगळी सेकंदं मी मोबाईल बघून मोजलीत. हा एक स्टार त्याचाच कापलाय. पैसे असतील तर हजारभर जास्त देऊन डिजिटल घ्या.

नुसतं पाणी गुळगुळीत काचेच्या कपात उकळू नका, कधी कधी बुडबुडे न येताच १०० च्या वर जातं आणि चमचा घातला की सगळं अंगावर उसळतं. आधीच चहा पावडर किंवा लाकडी चमचा टाकून ठेवा. सालासकट अंडं नाही, स्टीलची वाटी नाही, सोनेरी किनारीचे कप नाहीत, आणि रिकामा कधीच नाही. मागचं झाकण घरच्या घरी उघडणाऱ्या हुशार भावांनो, प्लग काढल्यावर पण आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो, त्यात हात घालू नका.

डेमोला आलेल्या माणसाने अर्धा तास बसून फक्त कव्हर, स्टँड आणि जादा वॉरंटी विकली, पापडाचं बटण कुठलं विचारलं तर म्हणे ते मोठ्या मॉडेलला असतं. काही घेऊ नका. स्टँडचे पैसे वाचवून त्यात १६ अँपियरचा पॉइंट काढून घ्या ओट्याजवळ, १२०० वॅट म्हणजे पाच अँपियरच्या वर जातं, साध्या छोट्या सॉकेटवर मल्टीप्लग लावून मिक्सरसोबत चालवलात तर सॉकेट तापून पिवळं पडेल. मागे-वर वितभर जागा सोडा, आणि ओटा मोजूनच ऑर्डर करा, दार डावीकडे उघडतं, डाव्या बाजूला भिंत असेल तर पूर्ण उघडणार नाही आणि प्लेट धुवायला काढताना रोज वैताग येईल.